खताचा पंप रात्री सुरू झाला, त्याबद्दल

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही. आधी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मित्राच्या शेडवर जाऊन तेच सर्किट पुन्हा जोडलं, मीटर लावून बघितलं, आणि मग लिहायला बसलो.

तुमचे मुद्दे दोन. पहिला, ईएसपी ३२ या कंट्रोलर बोर्डाच्या पिनवरून (ती ३.३ व्होल्ट देते) आयआरएफझेड ४४ एन मॉसफेट, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, थेट चालतो, तुमचा ठिबकचा व्हॉल्व्ह दोन वर्षं तसाच चालू आहे, मग मध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर घालायचा खटाटोप कशाला? दुसरा, माझ्या लेखातलं सर्किट जसंच्या तसं जोडल्यावर खताचा पंप रात्री आपोआप सुरू झाला आणि सकाळी २०० लिटरचं बॅरल रिकामं सापडलं.

दुसऱ्याचं आधी बोलतो, कारण तिथं नुकसान झालंय आणि चूक माझी आहे. माझ्या सर्किटात बीसी ५४७ सिग्नल उलटा करतो. पिन हाय झाली की तो मॉसफेटच्या गेटला, म्हणजे त्याला उघडणाऱ्या टोकाला, खाली ओढतो आणि पंप बंद राहतो. पिन लो असली, किंवा प्रोग्रॅमनं ती अजून आउटपुट केलेलीच नसली, तर १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून गेटला सरळ १२ व्होल्ट मिळतात आणि पंप सुरू. वर माझ्या प्रोग्रॅमचा क्रम असा, की आधी वायफाय जोडायचं आणि मग पिन सेट करायची. तुमच्याकडं लाइट गेली, चार्जरवरून बॅटरीवर जाताना बोर्ड रीसेट झाला, घरातला राउटरही बंद. बोर्ड वायफायची वाट बघत बसला आणि तोवर इकडं पंप चालूच. शेडवर राउटरचा प्लग काढून बोर्ड रीसेट केला तर अगदी हेच झालं. टेबलावर करताना राउटर शेजारीच असायचा, म्हणून हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. शिरोळकडच्या रानाला आधीच क्षारपडीची धास्ती, त्यात एका रात्रीत एवढं खत गेलं. मनापासून माफी मागतो.

आता पहिला मुद्दा. इथं मात्र मला तुमचं पटत नाही.

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, या मॉसफेटचा गेट थ्रेशोल्ड (जिथं तो उघडायला लागतो) २ ते ४ व्होल्ट दिलाय. तुम्ही त्यातला २ धरलात आणि ३.३ व्होल्ट भरपूर झाले म्हणालात. पण त्याच ओळीत अट आहे, २५० मायक्रोॲम्पिअर. म्हणजे तेवढ्या व्होल्टला एका मिलिॲम्पिअरचा चौथा हिस्सा करंट वाहायला लागतो, बस्स. तुम्ही उसाला दारं धरलेली आहेत. बांधातनं पाणी पाझरायला लागलं म्हणजे दारं मोडलं, असं आपण म्हणत नाही. दारं पूर्ण मोडल्याची ओळ वेगळी आहे, ऑन रेझिस्टन्सची. तिथं १७.५ मिलिओहम लिहिलंय आणि शेजारी गेटला १० व्होल्ट. ३.३ व्होल्टला काय होईल, याची हमी त्या कागदावर कुठंच नाही.

म्हणून एकाच पाकिटातले पाच नग घेऊन गेटला ३.३ व्होल्ट दिले. लोड होता अर्धा ॲम्पिअर घेणारा १२ व्होल्टचा व्हॉल्व्ह. दोन नगांनी तो नीट उघडला. एकावर ड्रेन आणि सोर्स या, करंट जातो त्या दोन टोकांच्या मध्येच ५ व्होल्ट अडकले आणि व्हॉल्व्हला उरलेल्या ७ व्होल्टांत तो हललाच नाही. बाकीचे दोन मुके. तुमच्या हाती पहिल्या दोघांसारखा नग लागलाय. त्यात थंडीत थ्रेशोल्ड वाढतो, गरम झाला की उतरतो. दुपारी चालणारा व्हॉल्व्ह डिसेंबरच्या पहाटे अडू शकतो आणि माणूस उगाच वायरी तपासत बसतो.

पंपाचं गणित तर आणखी वाईट. पंप ४ ॲम्पिअर घेतो. मॉसफेट पूर्ण उघडला तर त्यात ०.२८ वॉट जळतात, बोट ठेवलं तर जेमतेम कोमट. अर्धवट उघडून २ व्होल्ट जरी त्याच्यावर पडले तरी ८ वॉट. हीटसिंकशिवाय हा नग प्रत्येक वॉटमागं साठेक अंशांनी तापतो. बाकीचं तुम्हीच धरा.

आयआरएलझेड ४४ एन हा कमी व्होल्टला उघडणारा मॉसफेट घाला, असं बरेच जण सांगतात. तो ५ व्होल्टच्या बोर्डाला छान आहे, पण त्याच्याही डेटाशीटमधली शेवटची हमी ४ व्होल्टला संपते. ३.३ साठी २.५ व्होल्टची ओळ असलेला नग शोधायचा. एओ ३४०० घ्या, त्या व्होल्टला साधारण ५० मिलिओहम. अर्ध्या ॲम्पिअरच्या व्हॉल्व्हला उत्तम. ४ ॲम्पिअरच्या पंपाला नाही, एवढ्याशा देहातून ती उष्णता बाहेर पडत नाही. टीआयपी १२२ ट्रान्झिस्टर तर नकोच, ३ ॲम्पिअरला त्याच्यावर २ व्होल्टपर्यंत पडतात.

पंपासाठी नवी जोडणी अशी: पिन १ किलोओहममधून बीसी ५४७ च्या बेसला, त्याचा कलेक्टर ४.७ किलोओहममधून बीसी ५५७ या दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसला. ५५७ चा एमिटर १२ व्होल्टला, कलेक्टर १०० ओहममधून गेटला. ५५७ च्या बेस-एमिटरमध्ये १० किलोओहम, आणि गेट ते सोर्स आणखी १० किलोओहम. हा शेवटचा रेझिस्टर विसरायचा नाही, पिन मोकळी सुटली की गेटला तोच खाली बसवतो. पंपाला उलटा डायोड आधीसारखाच. ही जोडणी फक्त चालू-बंद करण्यासाठी. पीडब्ल्यूएमनं, म्हणजे झपाट्यानं चालू-बंद करून, पंपाचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर १० किलोओहमला गेट रिकामं करायला कित्येक मायक्रोसेकंद लागतात, तेवढा वेळ मॉसफेट अर्धवट उघडा राहून तापतो. तिथं टीसी ४४२७ हा ड्रायव्हर घ्या, त्याला ३.३ व्होल्टचा सिग्नल पुरतो. त्याच्या इनपुटलाही १० किलोओहम ग्राउंडला हवाच.

प्रोग्रॅममध्ये पिन लो करायची ओळ आता सगळ्यात वर घेतली आहे. लेखातलं जुनं सर्किट काढून टाकलं आणि का काढलं ते तिथंच लिहिलं. नव्या जोडणीवर राउटर बंद ठेवून बोर्ड वीस वेळा रीसेट केला, पंप एकदाही हलला नाही.

व्हॉल्व्ह चालू असताना तुमच्या मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्सवर मीटर लावून किती व्होल्ट दिसतात ते कळवा, शक्यतो पहाटे. अर्ध्या व्होल्टच्या वर असतील तर तो नग बदला. नव्या जोडणीचे दोन बोर्ड तुमच्यासाठी करून ठेवलेत. कोल्हापूरला आलात की उद्यमनगरातून घेऊन जा, आणि त्या बॅरलमधल्या खताचे किती झाले तेही सांगा, ते मी देणार आहे.