म्हणे, मृत्यू कळवू नका!

काका जाऊन अकरा दिवस झाले होते. काकूंना म्हटलं, चला, बँकेत जाऊन येऊ. तर त्यांनी बटव्यातलं काकांचं एटीएम कार्ड आणखी आत सारलं. "इतक्यात नको. पेन्शनवाल्यांच्या ग्रुपवर आलंय."

काय आलंय ते वाचलं. वर तिरंगा, खाली जोडलेले हात. मधे म्हणे माजी सैनिक वारला तर तीन महिने बँकेला कळवू नका, खातं गोठतं. तोवर त्याची पेन्शन काढत राहा. प्रत्येक विधवेला २५ लाख मिळतात, लिंकवर फॉर्म भरा. मुलगा कमावता असेल तर पेन्शन नाही. पुनर्विवाह केला तर मिळालेलं सगळं परत घेतात. आणि नाही केला तर नवऱ्याएवढीच पेन्शन जन्मभर.

यातलं पहिलं वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, काढलेले पैसे भरणार कोण? माणूस गेला तो दिवस धरून त्याची पेन्शन, दुसऱ्या दिवसापासून बायकोची. अर्ज उशिरा गेला तरी तिची थकबाकी मिळते, म्हणजे कळवल्याने एक पैसा बुडत नाही. न कळवता काढलेली रक्कम मात्र वसूल होते, बऱ्याचदा त्या बाईच्याच पेन्शनमधून. खातं दोघांच्या नावावर असेल तर तेच पुढे चालतं, गोठायचा प्रश्नच नाही.

मी काकांची ट्रंक उघडली. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसच्या कागदांखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश होता. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले, तेव्हापासूनच काकूंचं नाव, जन्मतारीख आणि त्यांना किती मिळणार ते त्यावर छापलेलं आहे. म्हणजे मंजुरी तेव्हाच झालीय, ती नव्याने कुणाकडे मागायची नाही. मृत्यूचा दाखला, ओळखीचा पुरावा, खात्याचा तपशील एवढं संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवर गेलं की झालं. एजंट लागत नाही.

त्याच पानावर कुटुंब पेन्शनचे दोन दर आहेत. पहिला वाढीव, पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत: मृत्यूपासून ७ वर्षं किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर ३० टक्के, पण महिना ९,००० च्या खाली नाही, महागाई वेगळी. काका ६४ व्या वर्षी गेले, म्हणजे काकूंना वाढीव दर तीनच वर्षं. तेव्हा 'नवऱ्याएवढी' हे सुरुवातीला बहुतेक खरं, हे कबूल करतो. 'जन्मभर' साफ खोटं. विधवेची ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के वाढतात, ते मात्र त्या फॉरवर्डमध्ये नाही.

२५ लाखांचा आकडा कुठून उचलला ते कळतं. ड्युटीवर असताना अपघातात गेलेल्या जवानाच्या कुटुंबाला केंद्राकडून तेवढं सानुग्रह अनुदान आहे, युद्धात ४५ लाख. रिटायर होऊन घरी वारलेल्या माणसासाठी ते नाही. लिंक उघडल्यावर पहिल्याच पानावर आधार नंबर आणि ओटीपी मागतात, एवढ्यावरूनच ओळखा.

कमावत्या मुलाचा संबंधच नाही. विधवा स्वतः नोकरीला असली तरी तिची पेन्शन चालू राहते.

पुनर्विवाहाबाबत अर्धं खरं आहे. साधी कुटुंब पेन्शन सहसा थांबते आणि पात्र मुलांकडे जाते. मूल नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या अटीवर चालू राहते. पण दिलेले पैसे कुणी परत मागत नाही. शौर्यपदकाचा भत्ता तर २०१७ पासून पुनर्विवाहानंतरही तहहयात आहे. उलट हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या विधवेने लग्न केलं तर केंद्रीय सैनिक बोर्ड अनुदान देतं. ते ५० हजार होतं, नोव्हेंबर २०२५ पासून १ लाख झालं.

आमची खरी अडचण वेगळीच निघाली. पीपीओवर काकूंचं नुसतं नाव आहे, आधारवर त्याला 'बाई' चिकटलंय. उद्या दाखल्याच्या प्रती घेऊन साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचंय, आधी तेच विचारू. एटीएम कार्ड काकूंनी रात्री माझ्या हातात दिलं, पण ग्रुप काही सोडत नाहीत. म्हणाल्या, "सकाळचे सुविचार चांगले येतात रे."