येळ्ळूरला इंदूरचा दाखला देऊ नका

"आपण नाही का मध्य प्रदेशात सुखाने राहत? मग त्या बेळगाववाल्यांनाच काय होतंय?" हे इंदुरात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. यात आमचे सख्खे काकाही आले. वाचतील तर वाचोत.

अहो, आपले पूर्वज होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले. कुणी शिलेदार, कुणी कारकून, कुणी भिक्षुकी करायला. बेळगावजवळच्या येळ्ळूरचे लोक कुठेच गेले नाहीत. राजहंसगडाजवळचं हे भातशेतीचं गाव मुंबई राज्यात होतं, ते १ नोव्हेंबर १९५६ला बसल्या जागी म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी आपलं इंदूर मध्य भारतातून मध्य प्रदेशात आलं. आपल्याला दुःख कसलं, तर राजधानी भोपाळला गेली याचं!

आणि लिपीचं काय? माझी आजी 'मी' आणि 'मैं' एकाच वाक्यात घालायची, पण नगर निगमची नोटीस चष्मा लावून घडाघडा वाचायची. देवनागरीच ती. येळ्ळूरच्या आजीपुढे कन्नडमधला जमिनीचा उतारा ठेवा. स्वतःच्या जमिनीवर कुणाचं नाव चढलंय, हे तिला शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावं लागणार.

गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक होता. जुलै २०१४मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून तो काढला. गावकऱ्यांनी पुन्हा उभारला, पोलिसांनी पुन्हा पाडला आणि लाठ्या चालवल्या. फलक कायद्यात बसत नव्हता, मान्य. पण त्यासाठी माणसं झोडपायची?

सीमा हलेल असं मला स्वतःला वाटत नाही. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७मध्येच बेळगाव कर्नाटकात ठेवायला सांगितलं, महाराष्ट्राने ते मानलं नाही, २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. मुंबईतल्या पुढाऱ्यांना बेळगावचा कळवळा निवडणुकीच्या आसपासच येतो, हेही आपण पाहतोच.

पण मराठीत उतारा द्यायला, बसवर मराठी पाटी लावायला कुठल्या निकालाची वाट पाहायची? ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही राज्यं नव्याने आखली, तिनेच कलम ३५० क आणलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. तोच न्याय सरकारी कागदालाही लावा की. काका, यात तुमची हरकत नक्की कशाला आहे, तेवढं कमेंटमध्ये सांगा.