यंदाचे आवडते अल्बम, आणि त्यातला एकही ॲपवर का नाही

डिसेंबर सरत आला की सगळ्यांच्या भिंतीवर याद्या लटकायला लागतात. यंदाचे दहा अल्बम, यंदाचे पंधरा अल्बम. लावा, हौसेने लावा. पण आज सकाळी अशाच दोन याद्यांच्या मधोमध कालच्या डबलबारीची (कोकणातला दोन भजनी बुवांचा, म्हणजे मुख्य गायकांचा सामना; एकेकाची पाळी ती बारी) लिंक येऊन पडली आणि डोकं सटकलं. अडीच तासांचं रेकॉर्डिंग. चित्र स्वच्छ, बुवांचा आवाज खणखणीत आणि कोरस गायब. बुवा ओळ टाकतात आणि पुढे नुसती पेटीची कुरकुर. चित्रात मागच्या रांगेतली आठ-दहा पोरं गळ्याच्या शिरा ताणून गातायत, झांजवाला अंग मोडून वाजवतोय, आणि कानाला काय, तर बुवांच्या माइकमधून चुकून आत शिरलेली थोडी किणकिण. खाली शंभरेक जणांनी हात जोडून ठेवलेत. आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही.

भजन म्हणजे बुवा आणि कोरस. अर्धं भजन पुसून टाकलं आणि वर लिहिलं, ‘एचडी क्लिअर साउंड’. वा!

हे होतं कसं ते सांगतो, कारण वर्षभर हेच चाललंय. साउंडवाल्याने मिक्सरला पेन ड्राइव्ह लावला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मिक्सरला ऐकू येतं ते फक्त माइकमधून आलेलं. बुवांना माइक, पेटीला माइक, पखवाजाला असला तर एक. कोरसला माइक कशाला, त्यांचा आवाज तसाच मांडवभर पोचतो. झांजेचं तर विचारूच नका, तिला माइक दिला तर लोक उठून जातील. म्हणजे मांडवात बसलेल्याला स्पीकरमधला आवाज अधिक समोरून थेट येणारा आवाज असं दोन्ही मिळतं, आणि पेन ड्राइव्हला फक्त पहिला. जो जितका दणदणीत गातो-वाजवतो तो रेकॉर्डिंगमध्ये तितका बारीक. पेन ड्राइव्हवरच्या प्रत्येक बारीचं हे असंच होणार. यात नशिबाचा काही भाग नाही.

आता माझी यादी. यातलं काहीही ॲपवर मिळणार नाही. मेमरी कार्डावरून कार्डावर फिरलेली ही रेकॉर्डिंग्ज, पण अल्बम म्हणायचं तर मी यांनाच म्हणेन. स्तवन, रूपावली (देवाच्या रूपाचं वर्णन), अभंग, गवळण, गजर (चढत्या लयीतला नामघोष), मध्येच समोरच्या बुवांना टाकलेला पुराणातला प्रश्न आणि त्यांच्या बारीत त्याला मिळालेलं उत्तर. या क्रमात एक चढण असते. मधला अभंग उचलून ऐकलात तर तो नुसता अभंग. सगळं सलग ऐकलंत तर गजराच्या आधी बुवांनी मुद्दाम ठाय, म्हणजे संथ, लयीत का रेंगाळत ठेवलं होतं ते कळतं.

यंदाचं सगळ्यात वरचं म्हणजे कुडाळ तालुक्यातल्या एका देवळातली बारी. एकच हातातला रेकॉर्डर, मांडवाच्या खांबाला बांधलेला. बस्स. गजरात एका ठिकाणी पखवाजवाला डाव्या पुडीवरचा (पुडी म्हणजे पखवाजाचं कातडी तोंड) हात तालाच्या पूर्ण आवर्तनभर काढून घेतो. नुसती उजवी पुडी, झांज आणि कोरस. आणि मग समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, डावा हात पडतो. मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये हा क्षण आलाच नसता, कारण त्यात झांज आणि कोरस आधीपासूनच नसतात. मध्ये एकदा कुत्रं भुंकतं, कुणीतरी ‘बुवानूंक पाणी देवा रे’ म्हणतं. राहू दे ते.

दुसरं, वेंगुर्ल्याकडच्या जत्रेतलं दशावतारी नाटक, नुसतं ऑडिओ. पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर मध्यरात्री सुरू झालेलं ते पार उजाडेपर्यंतचं. पेटी, मृदुंग, झांज, एवढ्या तीन वाद्यांवर अख्खी रात्र. चित्र नाही म्हणून उलट बरं झालं. युद्धाच्या वेळी फळ्यांवर पडणारे पाय आणि मृदुंगाचे बोल एकमेकांना कसे धरून चालतात ते ऐकू येतं. डोळे असले की आपण मुकुट बघत बसतो.

तिसरं गुहागरच्या बाजूचं, जाखडी. यात ज्याने कोणी रेकॉर्ड केलं त्याची अक्कल बघा. जाखडीत गाणारे आणि ढोलकीवाले मध्ये बसतात आणि नाचणारे भोवती फेर धरतात. या पठ्ठ्याने रेकॉर्डर मध्येच, गाणाऱ्यांच्या पायाशी ठेवला. हेडफोन लावा. घुंगरं डाव्या कानाकडून मागे जातात आणि उजवीकडून परत येतात. हल्ली स्टेजवर वाजवणारे एका कोपऱ्यात आणि नाचणारे समोर रांगेत, त्यामुळे हा फेर स्टेजवरच्या रेकॉर्डिंगमध्ये येणारच नाही. परदेशी अल्बममधल्या ‘स्पेस’चं कौतुक करणाऱ्या माझ्या मित्रांनो, हे एकदा ऐका आणि मग बोला.

स्टुडिओत केलेले अभंगही यंदा भरपूर ऐकले. काही गळे अप्रतिम आहेत, नाही म्हणत नाही. पण कानात क्लिक, म्हणजे एकसारखी लय मोजणारी टिकटिक, लावून गायलं की लय जिथे सुरू झाली तिथेच संपते. भजनाची लय चढायला हवी. क्लिक तिला चढू देत नाही, आणि मग शेवटी चढल्यासारखं वाटावं म्हणून वरून सिंथचा गडगडाट. विषय संपला.

पुन्हा कालच्या बारीकडे येतो, कारण राग अजून गेलेला नाही. कोरस नाही ते नाहीच, वर बुवांच्या आवाजाला आणि पखवाजालाही इको. मिक्सरवरचं ते बटण एकदा फिरवलं की पहाटेपर्यंत कोणी मागे घेत नाही. जरा हिशोब करा. गजर रंगात आला की पखवाजावर सेकंदाला चार बोल सहज पडतात, म्हणजे दोन बोलांत २५० मिलिसेकंद. इको ३५० वर लावलेला असेल तर पहिल्या बोलाची सावली दुसऱ्या आणि तिसऱ्या बोलाच्या मध्ये येऊन पडते. ती तालात नसते आणि गप्पही बसत नाही. बुवांच्या शब्दांचंही तेच. नुसतं नाम घेतलं तरी लगदा होतो, तिथे पुराणातला प्रश्न समोरच्याला कळणार कसा? साउंडवाल्याला विचारा, तो म्हणतो, ‘इको घातल्याशिवाय मजा येना नाय ओ.’ कोवळ्या गळ्याच्या बुवांना थोडा आधार होतो, खरंय. मग अभंगाला ठेवा आणि गजराला शून्यावर आणा. एक बटण आहे हो.

बरं, साउंडवाल्यावर सगळं ढकलणंही बरं नाही. तो संध्याकाळपासून खोकी वाहतो, उजाडेपर्यंत जागतो, भाड्याच्या पैशात रेकॉर्डिंग धरलेलंच नसतं. त्याचं काम मांडवात आवाज पोचवणं, ते तो करतो. रेकॉर्डिंग हे मंडळाचं काम आहे. मूर्तीच्या मागच्या लायटिंगला पैसे निघतात तर रेकॉर्डरलाही निघतील.

म्हणून सरळ सांगतो काय करायचं. हातातला स्टिरिओ रेकॉर्डर घ्या, अगदी साधा चालेल. बसलेल्या बुवांसमोर ६ ते ८ फुटांवर, जमिनीपासून साधारण ५ फूट उंच, तोंड किंचित खाली. झांजेच्या विरुद्ध बाजूला, पखवाजाकडे थोडा झुकता. आणि स्पीकरच्या मागे, म्हणजे स्पीकर आणि गाणारे यांच्या मधल्या जागेत. स्पीकरसमोर ठेवलात तर पुन्हा तोच इको आणि तीच शिट्टी पदरात.

आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारं ‘ऑटो’ बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑटो चालू असलं की झांज पडली रे पडली की यंत्र घाबरून सगळा आवाज खाली ओढतं, मग हळूहळू वर आणतं, तोवर पुढची झांज. बुवांचा आवाज भरती-ओहोटीसारखा येत-जात राहतो. पातळी हाताने लावा. स्तवनाच्या वेळी काटा उणे १८ डेसिबलच्या आसपास नाचू दे. ‘फारच बारीक येतंय’ असं वाटेल, वाटू दे. गजरात तोच काटा आठ-दहा डेसिबल वर जाणार आहे. २४ बिटमध्ये घेतलेला बारीक आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी खाते. पूर्ण रात्रीला १६ जीबीचं कार्ड पुरून उरतं. बरेच रेकॉर्डर २ जीबी झाले की नवी फाइल सुरू करतात, म्हणजे जवळजवळ दोन तासांनी. घाबरू नका, नंतर टोकाला टोक जोडता येतं. सेल नवे घाला. फोनवर घेणार असाल तर एअरप्लेन मोड, नाहीतर ऐन गवळणीत कोणाचा तरी मुंबईहून फोन येतो आणि तिथेच रेकॉर्डिंग संपतं.

आता किनाऱ्यालगतच्या देवळांचा खास त्रास. रात्री वारा माइकवर आपटतो आणि गडगड येते. लोक काय करतात, तर रेकॉर्डरमधला लो-कट, म्हणजे खालचे आवाज कापणारी सोय, चालू करतात. गडगड जाते, आणि तिच्याबरोबर पखवाजाच्या डाव्या पुडीचं पोटही जातं. त्या पुडीला कणीक लावतात ती याच खर्जासाठी ना? मग तो यंत्राने कापायचा कशाला? लो-कट बंद ठेवा आणि माइकला केसाळ टोपी घाला. स्पंजची टोपी फुंकर अडवते, समुद्रावरचा वारा नाही. शिवाय थंडीत पहाटे दव पडतं, म्हणून रेकॉर्डर उघड्यावर न ठेवता मांडवाच्या कापडाखाली घ्या. त्याच दमट हवेने पखवाजाची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. दोन अभंगांमध्ये पखवाजवाला अंगावरचे लाकडी गट्टे ठोकून तो पुन्हा पेटीशी मिळवतो. ती ठोकाठोक कापू नका, मला ती आवडते. पण हा माझा हट्ट झाला.

पेन ड्राइव्हचं रेकॉर्डिंग फेकून द्या असं मी म्हणत नाही. इको नसेल तर बुवांचे शब्द त्यात स्वच्छ असतात. दोन्ही घ्या. सुरुवातीला सगळ्यांनी गप्प राहून माइकसमोर एक टाळी वाजवायची, ती दोन्हीकडे दिसते, तिथे जुळवायचं. अडीच तासांत दोन यंत्रांची घड्याळं थोडी सरकतात, म्हणून प्रत्येक पदाच्या सुरुवातीला पुन्हा जुळवा, नाहीतर शेवटच्या गजरात बुवा दोनदा गायल्यासारखे वाटतात. रेकॉर्डर मुख्य ठेवा आणि मिक्सरचं त्याखाली ८-१० डेसिबल कमी. कालच्या बारीत कोणी एवढं केलं असतं तर ती आज माझ्या यादीत पहिली असती. ज्या गवळणीला मागची पोरं तोंड उघडून हसतायत, तिथे नक्की काय झालं हे आता कधीच कळणार नाही. चिडायचं नाही तर काय करायचं?

हे लिहिता लिहिता थोडा शांत झालो होतो, तर त्याच बारीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे आले. गजराचं टोक तेवढं कापून, खाली नाचणारी अक्षरं. चढण काढून नुसतं शिखर. कॅसेटच्या काळातही कापाकापी होती, मान्य. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, गजर तिच्यात बसवायला आखडावा लागायचा. त्याआधीच्या तबकडीत तर तीन-साडेतीन मिनिटंच. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. पण तिथे तबकडी संपत होती. इथे कार्डावर आठ-दहा तासांची जागा मोकळी असताना आपणच कापतोय.

अपलोड करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. आवाज ताणून मोठा करू नका, यूट्यूब तो स्वतःच साधारण उणे १४ एलयूएफएसपर्यंत (आवाजाचा एकूण मोठेपणा मोजायचं एकक) खाली आणतं आणि हातात फक्त चेपलेला आवाज राहतो. सिनेमाच्या चालीवरचं पद असेल तर हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, दावा येऊ शकतो. त्यासाठी अख्खी बारी काढून टाकू नका, दावा कुठल्या मिनिटावर आहे ते बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. आणि फाइलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग १७’ ठेवू नका. गाव, देऊळ, तारीख, दोन्ही बुवा, पखवाज, झांज, कोरस, सगळ्यांची नावं. यंदाच्या माझ्या पहिल्या पसंतीच्या बारीतला तो पखवाजवाला कोण, हे चार जणांना विचारूनही कळलेलं नाही, आणि फाइलच्या नावात चॅनेलचा मोबाइल नंबर मात्र दोनदा आहे. कुडाळकडच्या कोणाला माहीत असेल तर खाली लिहा.