पाव आणा म्हणजे एक एप्रिल

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सदनिकेत आजोबांची नाणी तीन पत्र्याच्या डब्यांत आणि एका खादीच्या पिशवीत गेली कित्येक वर्षे सुखाने नांदत होती. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने ती पाहिली आणि विचारले, "मामा, ह्याची डिजिटल नोंद नाही? उद्या एखादं हरवलं तर तुला कळणार कसं?" हरवलेले नाणे कळत नाही यावरच आमची मनःशांती आजवर टिकून होती, हे त्याला सांगण्याचा धीर मला झाला नाही. त्याने माझ्या लॅपटॉपवर एक्सेलची फाइल उघडली, मूल्य, वर्ष, राजा, टांकसाळ, धातू, वजन, व्यास, ठिकाण असे एकवीस रकाने आखले आणि रविवारी संध्याकाळी तो निघून गेला. रकाने भरण्याचे पुण्य त्याने माझ्यासाठी राखून ठेवले होते.

पहिलेच नाणे पाव आण्याचे निघाले. मी मूल्याच्या रकान्यात १/४ असे टंकून एंटर दाबले, तर समोर उमटले "०१ एप्रिल". बोट चुकले असेल म्हणून पुन्हा टंकले, पुन्हा एक एप्रिलच. मग अर्ध्या पैशाचे नाणे एक फेब्रुवारीला गेले, आणि आण्याचा बारावा भाग असे इंग्रजीत अंगावर मिरवणारी पै एक डिसेंबरला जाऊन बसली. रात्रीपर्यंत माझ्या संग्रहाचे एक बऱ्यापैकी पंचांग तयार झाले होते. गंमत अशी की १ एप्रिल १९५७ रोजीच देशात दशमान पद्धत आली आणि रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै हा सगळा गोतावळा एका झटक्यात मोडीत निघाला; तेव्हा पाव आण्यासमोर एक्सेलने लिहिलेली तारीख ही त्याची पुण्यतिथी आहे, असे म्हणून मी ती तशीच ठेवावी का, याचाही विचार केला. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "अरे मामा, आकड्याच्या आधी एक एकेरी अवतरणचिन्ह टाक ना!" शाळेत बत्तीस वर्षे मराठी शिकवूनही, अवतरणचिन्ह उघडून कधी बंदच करायचे नसते, असा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला.

वर्षाच्या रकान्याने तर इतिहासच बदलला. सगळी नाणी जुन्याकडून नव्याकडे लावण्याची आज्ञा मी दिली, तेव्हा निजामाचा चारमिनारवाला रुपया सर्वांत वर जाऊन बसला, कारण त्यावर हिजरी १३३७ आहे आणि ते म्हणजे इसवी सन १९१८-१९ असते हे यंत्राला ठाऊक नाही. बडोद्याच्या सयाजीरावांचा पैसा संवत १९४९ चा, म्हणजे खरा १८९२ च्या सुमाराचा. तो स्वातंत्र्यानंतर निघाल्यासारखा जॉर्ज बादशहाच्या १९४७ च्या नाण्याखाली सापडला. शिवराईवर तर सालच नसते. रिकामे घर दिसले की एक्सेल ती ओळ तळाशी ढकलतो, त्यामुळे छत्रपतींची शिवराई २०११ च्या रुपयाचिन्हाच्या नाण्याच्याही मागे रांगेत उभी राहिली. हे पाहून मी लॅपटॉप मिटला आणि चहा घेतला.

शिवराईचे दुखणे एवढ्यावर थांबले नाही. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" ही अक्षरे. पण ती कोरणाऱ्या कारागिरांनी ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा बाऊ केलेला नाही. कुठे ति, कुठे ती. आयुष्यभर लाल शाईने वेलांट्या दुरुस्त केलेल्या माणसाला आता नाण्यावरची चूक जशीच्या तशी उतरवून घ्यायची होती, कारण संग्राहकांच्या दृष्टीने ती चूक नव्हे, प्रकार आहे. परिणामी "छत्रपती" असा शोध घेतला की तीन शिवराया सापडतात आणि उरलेल्या नऊ यादीत असूनही भेटत नाहीत.

व्यास मोजायला मी शेजारच्या काकांना बोलावले, ही माझी मोठी चूक. काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळून घेऊन आले. त्यांनी पहिली शिवराई चार बाजूंनी मोजली, चार वेगवेगळी मापे निघाली, आणि ती बाजूला सरकवून ते गंभीरपणे म्हणाले, "सर, हा जॉब रिजेक्ट आहे." हातोड्याने ठोकून पाडलेले नाणे गोल नसायचेच, हे मी त्यांना समजावून सांगितले. "मग इन्स्पेक्शनला पाठवलंच कशाला?" हा त्यांचा प्रश्न मात्र निरुत्तर करणारा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा पाहून त्यांनी तो वायसर समजून खिशात टाकला. तो वेळीच परत मिळाला.

वजनाचे सांगायचे तर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर व्हिक्टोरिया राणीचा रुपया, म्हणजे शुद्ध एक तोळा, ११.६६ ग्रॅम, हा बारा भरला आणि पाऊण ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा एक पैसा शून्य भरला. नवा काटा मागवला.

टांकसाळ ओळखायची खूण सालाच्या खाली असते: मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याचे काहीच नाही. हा शेवटचा तपशील फार घातक आहे. १९७५ चे दहा पैसे मी नोएडाच्या खात्यात नोंदवले आणि मग लक्षात आले की नोएडाची टांकसाळ १९८८ साली सुरू झाली. ठिपका नखाने खरवडला तर निघून आला. मळाचा एक कण गेला आणि नाणे नोएडाहून कोलकात्याला पोहोचले.

राजाच्या रकान्यात एकच नाव मावते, हे पाहून मला जोगळटेंभी आठवली. आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गावी १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका नाण्यावर दोन राजे, एक हरलेला आणि एक जिंकलेला! रेव्हरंड स्कॉट यांनी त्या साठ्याचे वर्णन केले ते कागदावर, म्हणून ते तडीस गेले; भाच्याच्या फाइलीत ते पहिल्याच ओळीत अडकले असते.

उरला रकाना ठिकाणाचा. व्हिक्टोरियाचे रुपये अकरा नोंदवले होते, पडताळणीत दहा भरले. मी डबे उलटे केले, सोफ्याखाली विजेरी मारली, काकांकडेही जरा संशयाने पाहिले. शेवटी आईने जपमाळ खाली न ठेवता विचारले, "लक्ष्मीपूजनाचा रुपया शोधतोयस का? तो देवघरात आहे. आणि ते पितळेचं कमळाचं वीस पैशांचं नाणं मी धाकटीच्या ओटीत घातलं."

आता ठिकाणाच्या रकान्यात "डबा १", "डबा २", "डबा ३", "पिशवी" यांच्या जोडीला "आईला विचारणे" असा पाचवा पर्याय आहे. त्यावर गाळणी लावली की सत्तावीस नाणी निघतात.