शेजारच्या खुर्चीसाठी सराव

दहावीचा निकाल जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक वाद हमखास पेटतो. शास्त्रीय संगीत, नृत्य, चित्रकला यांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना राज्य मंडळ दहावीला वाढीव गुण देतं, ते द्यावेत की नाही यावरून. एक बाजू म्हणते, या गुणांनी टक्केवारी फुगते, शंभर टक्केवाल्यांची रांग लागते आणि ज्या गावात संगीताचा क्लासच नाही तिथल्या मुलावर अन्याय होतो. दुसरी बाजू म्हणते, गुण काढून घेतलेत तर उद्या तबल्याच्या क्लासला एक पोर फिरकणार नाही. दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण मुलाने वाजवायचं कोणासाठी, हा प्रश्न या वादात कोणीच विचारत नाही. गुण हवेत म्हणणाराही आणि नकोत म्हणणाराही कलेकडे त्या एका मुलाच्या खात्यातली जमा म्हणूनच बघतो.

मी मूळची मिरजेची. गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या एका उपनगरात राहते. माझी लेक इथल्या सरकारी शाळेच्या बँडमध्ये युफोनियम वाजवते. युफोनियम म्हणजे ट्युबाचं धाकटं भावंड, मांडीवर घेऊन वाजवायचं पितळी वाद्य. तिला बासरी हवी होती. पाचवीच्या वसंत ऋतूत शाळेने मुलांना एकेका वाद्याचं माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचं टोक, फुंकून बघायला दिलं. ओठ, दात, श्वास, हाताची लांबी पाहून शिक्षकांनी सुचवलं की हिला मोठं पितळी वाद्य जमेल. अशी महागडी मोठी वाद्यं शाळाच वर्षाला थोडं शुल्क घेऊन वापरायला देते. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट मात्र पालकांनी भाड्याने आणायची किंवा विकत घ्यायची.

सहावीत बँड हा वेळापत्रकातला रोजचा तास असतो. गणित, विज्ञान आणि बँड, एकाच कागदावर. टेक्सासमध्ये सहावी ते आठवीच्या दरम्यान ललित कलेचा एक तरी अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो, आणि बारावी उत्तीर्ण व्हायलाही ललित कलेचं एक क्रेडिट लागतं. त्यामुळे बँडच्या खोलीत जमतात ती निवडक गुणी मुलं नसतात. कोणाला ताल कळतो, कोणाला अजिबात नाही. कोणी हौसेने आलेलं, कोणी मैत्रीण आली म्हणून. आपल्याकडे ‘याचा गळा बरा आहे, याला क्लासला घाला’ म्हणतात, तशी चाळणी इथे सुरुवातीला लागत नाही. मला या व्यवस्थेतलं सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हेच.

पहिले काही आठवडे वाद्य पेटीतच असतं. नुसतं माउथपीस हातात, ओठ थरथरवून एक सूर धरायचा. मग वाद्यावर लांब स्वर: एक स्वर, एक श्वास, न हलता. मिरजेत आमच्या बाई पहाटे खर्ज लावायला बसवायच्या, त्याचीच मला आठवण झाली. लेकीने तक्रार केली की रोज तेच तेच करून कंटाळा येतो, तेव्हा तिला समजवायला मला इंग्रजी पुस्तकाची गरज पडली नाही.

घरच्या सरावाबद्दल शिक्षकांच्या अपेक्षा सुरुवातीलाच लेखी येतात. रोज थोडा वेळ, पण रोज. आधी लांब स्वर, मग सप्तक, मग त्या आठवड्याचा धडा. पूर्ण गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत बसायचं नाही. जिथे अडतं ती दोन मापं (स्वरलिपीतले उभ्या रेघांमधले कप्पे) काढायची, मेट्रोनोमवर, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्रावर, लय उतरवायची, सलग काही वेळा स्वच्छ आलं की थोडी लय चढवायची. कायदा, म्हणजे बोलांची ठरावीक रचना, ठाय (संथ) लयीत पक्का झाल्याशिवाय दुगुनीत (दुप्पट वेगात) जाऊ न देणारा तबल्याचा शिक्षक वेगळं काय सांगतो? सरावाच्या तक्त्यावर पालकांनी सही करायची असायची. बरेच पालक न ऐकताच सही करतात हे शिक्षकांनाही ठाऊक होतं. पुढे त्यांनी तक्ता बंद केला आणि आठवड्याला ठरावीक ओळी वाजवून त्याचं ध्वनिमुद्रण पाठवायला सांगितलं. पालक सही खोटी करू शकतो, मुलाची फुंक कोण खोटी करणार?

वर्गातले नियम मला आधी लष्करी वाटले. शिक्षक व्यासपीठावर चढले की खोलीत शांतता. च्युइंगम नाही. स्टँडवर पेन्सिल असलीच पाहिजे, कारण सांगितलेली खूण कागदावर उतरली नाही तर उद्या ती चूक पुन्हा होणार. ठरलेल्या वेळेच्या आधी जागेवर असणं म्हणजे वेळेवर असणं. मैफिलीला गैरहजर राहिलं तर गुण जातात, लग्नाकार्याचं कारण सहज चालत नाही. आमच्या ओळखीच्या काही मराठी घरांना हे फार खटकतं.

या नियमांचा अर्थ मला एका तालमीत कळला. गणवेशांची मापं लावायला पालक स्वयंसेवक म्हणून मी बँडच्या खोलीत मागे बसले होते. शिक्षकांनी वाद्यवृंद मधेच थांबवला आणि क्लॅरिनेटच्या तिसऱ्या ओळीला चार मापं एकट्याने वाजवायला सांगितली. तिसरी ओळ म्हणजे जिला मुख्य चाल जवळजवळ कधीच मिळत नाही, खालचे भरावाचे स्वर. एका मुलाचं येईना. शिक्षक रागावले नाहीत. त्यांनी बाजूच्या मुलीला विचारलं, ‘तू तुझा स्वर कशाच्या आधाराने लावतेस?’ ती म्हणाली, ‘त्याच्या.’ बस, एवढंच. पुन्हा सगळे वाजवायला लागले. त्या मुलाचे कान लाल झाले होते. पुढच्या खेपेला आले तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवून ऐकलं. त्याची चारही मापं स्वच्छ होती.

आपल्या रियाजाच्या संस्कृतीविषयी मला नितांत आदर आहे, मी तिच्यातच वाढले. पण तिच्यात रियाज हा एकट्याचा असतो. माझा गळा, माझा हात, माझ्या गुरूचं समाधान. मी आज बसले नाही तर नुकसान माझंच. बँडमधल्या मुलाने सराव केला नाही तर नुकसान शेजारच्या खुर्चीचं होतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला शिस्त लावायला ही गोष्ट गुणांपेक्षा, बक्षिसापेक्षा, आईच्या ओरडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं पाहून पाहून ठाम मत झालं आहे. आणि ती सामान्य वकुबाच्या मुलालाही लागू पडते. एकल वादनाच्या परीक्षेत ज्याला ‘बरा आहे’ यापलीकडे शेरा मिळाला नसता, तो इथे साठ जणांत आवश्यक ठरतो.

स्पर्धेतला एक प्रकार पाहण्यासारखा आहे. टेक्सासमध्ये युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलास्टिक लीग ही संस्था शालेय बँडच्या स्पर्धा घेते. त्यात बसवलेल्या रचना वाजवून झाल्या की मुलांना दुसऱ्या खोलीत नेतात आणि कधीही न पाहिलेली रचना समोर ठेवतात. शिक्षकांना समजावून सांगायला काही मिनिटं मिळतात. या वेळात वाद्यातून आवाज काढायचा नाही. मुलं नुसती बोटं फिरवतात, मात्रा मोजतात. वेळ संपली की थेट वाजवायचं, तीन परीक्षकांसमोर. पाठ करून इथे निभत नाही. महिनोन्‌महिने घरी काय केलं ते त्या खोलीत दिसतं.

‘अभ्यास आधी, मग वाजवणं’ हा आपला दुसरा लाडका वाद. नववी संपली की हार्मोनियम पलंगाखाली. टेक्सासने यावर १९८४ साली कायदाच केला, लोक त्याला ‘नो पास, नो प्ले’ म्हणतात. काही प्रगत अभ्यासक्रम सोडले तर कुठल्याही विषयात ७०च्या खाली गुण आले की निदान तीन आठवडे स्पर्धेला, सामन्याला, बाहेरच्या कार्यक्रमाला जाता येत नाही. ऐकायला आपल्यासारखंच वाटतं. पण मुलाचा बँडचा तास बंद होत नाही, तालीम बंद होत नाही. खुर्ची राखलेली असते, गणित सुधारून परत यायचं असतं. मी इथे मुलांना बँडची स्पर्धा चुकू नये म्हणून बीजगणित करताना पाहिलं आहे. शाळेबाहेरच्या तालमींनाही राज्याची मर्यादा आहे, आठवड्याला आठ तास. पुण्यात ढोल-ताशा पथकांचे सराव नदीकाठी रात्रीपर्यंत चालतात आणि दरवर्षी त्यावरून तक्रारी, न्यायालयं सुरू होतात, तेव्हा आवाजाबद्दलच बोललं जातं. पथकातल्या शाळकरी मुलांच्या तासांबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणत नाही. १९९७ साली टेक्सासने आणखी एक कायदा केला: शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. हेतू चांगला होता, खेड्यातल्या आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांना संधी मिळावी हा. पण क्रमवारी बहुतेक शाळांत ठरते भारित सरासरीवर, आणि अवघड अभ्यासक्रमांना जादा भार असतो. बँडच्या तासाला सहसा तो नसतो. बँडमध्ये पैकीच्या पैकी मिळवूनही क्रमांक घसरू शकतो. मग नववी-दहावीला बँड सोडायची लाट येते, आणि तिच्यात आपली माणसं पुढे असतात. ठाण्या-पुण्याहून आलेली, मुलाला गणपतीच्या कार्यक्रमात हौसेने वाजवायला लावणारी माणसं त्याच मुलाला बँडमधून काढतात आणि तिथे संगणकाचा विषय घालतात. मला याचं फार वाईट वाटतं. तिकडे गुण मिळतात म्हणून तबला, इकडे गुण मिळत नाहीत म्हणून युफोनियम बंद. मुलाच्या जाण्याने वाद्यवृंदात जी खुर्ची रिकामी होते तिचा हिशोब दोन्हीकडे कोणी मांडत नाही.

इथल्या मुलांचे कानही कच्चे राहतात. कागद समोर असेल तर अवघड रचना वाजवतील, कागद काढून घ्या, ऐकलेली साधी चाल उतरवता येत नाही. ज्यांच्या घरी पैसा आहे ती खासगी शिकवणी लावतात आणि पहिल्या खुर्च्या, म्हणजे मुख्य वादकांच्या जागा, बहुतेक त्यांनाच मिळतात. बारावीनंतर असंख्य वाद्यं माळ्यावर जातात ती कायमची. आपल्याकडे साठीतला माणूस संध्याकाळी पेटी काढून स्वतःपुरतं नाट्यपद गातो. ती एकट्याने वाजवण्याची, गाण्याची सोबत माझ्या लेकीला बँडने दिलेली नाही. ती मी तिला घरी देते आहे, रोज रात्री थोडं, कागदाशिवाय. कान आणि कागद दोन्ही साधलेली माणसं आपल्या शेजारीच होऊन गेली. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलं लहानपणी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत, आणि तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच एक.

अमेरिकेत शाळेचा बँड आज गावाच्या रक्तात असल्यासारखा वाटतो, पण तो मुद्दाम रुजवलेला आहे. १९२३ साली शिकागोला शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वाद्यं बनवणाऱ्या कारखानदारांच्या पुढाकाराने. गावोगाव फिरणाऱ्या व्यावसायिक बँडची चलती ओसरत होती आणि त्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं. शाळांनी ती संधी घेतली, वेळापत्रकात तास दिला, शिक्षक नेमले. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९०१ साली लाहोरला, कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढून वर्गात, समूहाने, स्वरलिपीसह संगीत शिकवायला सुरुवात केली होती. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला हा माणूस घराण्याच्या बंद दारातून गाणं वर्गात घेऊन आला. त्या कल्पनेतल्या परीक्षा आपण जपल्या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. वर्ग मात्र शाळेच्या बाहेरच राहिला.

वाढीव गुण ठेवायचे की काढायचे हे मंडळाने ठरवावं. माझी मागणी वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील तिथे कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा असं २००९ पासून लिहिलेलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तर अभ्यासाचे विषय आणि ‘इतर’ विषय अशी भिंतच नको म्हणतं. निदेशकाची जागा भरा, त्याला पोट भरेल एवढं मानधन द्या आणि पाचवी-सहावीच्या सगळ्या मुलांना, निवडक नव्हे, एकत्र वाजवायचा तास द्या. ट्रॉम्बोन आणायला नकोत. ढोल, ताशा, लेझीम, झांज, हार्मोनियम, बासरी यांतलं काही ना काही बऱ्याच शाळांच्या कपाटात असतं, पंधरा ऑगस्टच्या आधी आठवडाभर निघतं आणि परत कुलपात जातं. ते कपाट जूनमध्ये उघडा. स्नेहसंमेलनात चार चमकणारी मुलं पुढे काढण्याऐवजी एक अख्खी तुकडी बसू द्या, आणि ज्या आईबापांना आपलं मूल मागच्या रांगेत दिसत नाही त्यांना त्याची ओळ कोणती होती ते निदेशकाने आधी सांगून ठेवावं.