दीड तासाचं विमान आणि दोन फाइली कागद

कुडाळात राहणाऱ्या माणसाने समुद्र बघायला विमानाने जायचं म्हणजे घरात आधी खटलाच उभा राहतो. आमच्या आईचा पहिला प्रश्न, "वेंगुर्ल्याचो समुद्र आटलो की काय?" आता तिला काय सांगणार. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, त्यांचे फोटो आले आणि त्यानंतर आमच्या बायकोच्या मोबाइलवर निळं पाणी सोडून दुसरं काही येईनासंच झालं. त्यात त्याच वर्षी गोव्यातून, म्हणजे आमच्या मोपाच्या विमानतळावरून, थेट लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर छोटं विमान सुरू झालं. मोपा आम्हाला तासाभरावर. पुढे विमानाचा दीड-पावणेदोन तास. म्हणजे सकाळी आंबोळी खाऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला लक्षद्वीप. माणसाला मोह होणार नाही तर काय होणार!

फक्त एक बारीकशी गोष्ट. लक्षद्वीप आपल्याच देशात असलं तरी तिथे पाय ठेवायला परमिट लागतं. 1967 चा नियम आहे म्हणे. त्या परमिटसाठी लागतं पोलिसांचं सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, की हा माणूस सज्जन आहे, याच्यावर गुन्हाबिन्हा काही नाही. अगत्तीच्या होमस्टेवाल्याला फोन लावला तर तो हिंदीत म्हणाला, परमिटची चिंता करू नका सर, मी बघतो, तुम्ही फक्त पीसीसी पाठवा, आधार पाठवा, फोटो पाठवा, अ‍ॅडव्हान्स पाठवा आणि विमानाचं तिकीट पाठवा. परमिटची गॅरंटी मिळाल्याशिवाय तिकीट काढायला माझा हात धजेना आणि तिकिटाशिवाय हा पुढे सरकेना. शेवटी बायको म्हणाली, दर रोज वाढतायत आणि तू विचार करत बसलायस, आणि तिने खटकन पैसे भरून टाकले. नॉन-रिफंडेबल. त्या एका शब्दाने माझी त्या रात्रीची झोप गेली.

पीसीसीचा अर्ज भरून पोलीस स्टेशनला गेलो. तिथले हवालदार भले माणूस. इथे पीसीसीला येणारे सगळे दुबई, मस्कत, कॅनडाचे, त्यामुळे त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कुठला देश?"

"भारत."

आता मान वर झाली. "अहो भारतातच आहात ना तुम्ही?" मी सगळं समजावलं, लक्षद्वीप, परमिट, मोपा, निळं पाणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "हे भारतात जातायत." मग आख्ख्या स्टेशनने मला एकदा बघून घेतलं.

खरी मजा व्हेरिफिकेशनला घरी पोलीस आला तेव्हा झाली. आईचं वय बहात्तर. तिचा आजवरचा मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे शेजारच्यांच्या कुंपणावरून वाकून जास्वंदी तोडणं, तोही रोज पहाटे, देवासाठी. शिपाई गणवेशात, मोटरसायकल फाटकाच्या बरोब्बर मध्ये लावलेली, समोरच्या काकू झाडू हातात तसाच धरून उभ्या. आई आतून बाहेर आली ती कडाडलीच, "माझ्यावर गुन्हो नाय म्हणान आता पोलिसान लिवन देवचा?" तो बिचारा म्हणाला, आजी फक्त विचारायचंय, तुम्ही इथे किती वर्षं राहता. आई म्हणाली लग्न होऊन आले तेव्हापासून, आणि मग तिने लग्नच सांगायला घेतलं, वऱ्हाड कुठून आलं, पाऊस कसा पडला, कोणी मानपानावरून रुसलं, सगळं. शिपायाने दोन ग्लास सोलकढी प्यायली आणि मगच त्याची सुटका झाली. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी होती की आमच्याकडे चौकशी लागलीय. दोन जण तर हळूच वकिलाचं नाव सुचवून गेले.

नंतर सुरू झालं वजन. छोटं विमान म्हणजे माणशी चेक-इनला 15 किलो आणि हातात 7. आईच्या हिशोबाने पंधरा किलो म्हणजे नुसती सुरुवात. परक्याच्या घरी उतरायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून कोकम, कुळथाचं पीठ, तिरफळं आणि माळ्यावरचं सुकं खोबरं. मी म्हटलं आई, अगं नारळांच्या बेटावर नारळ नेतेस? आणि दुसरं म्हणजे सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही, तेल असतं त्यात, पेट घेऊ शकतं. आई दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. "खोबऱ्याक आग लागता? मगे आमच्या माळ्यार इतकी वर्सां काय पडलेला आसा?" या प्रश्नाला विमान कंपन्यांकडेही उत्तर नसावं. शेवटी तांदळाच्या दुकानातला काटा आणून बॅगा तोलल्या. प्रत्येक वेळी वेगळं वजन यायचं, कारण आई रात्री गुपचूप काहीतरी कोंबायची. मुलाची भर वेगळी. तो येताना शंख आणि पोवळी आणायला एक जास्तीची रिकामी बॅग घेऊन बसलेला, त्याला सांगावं लागलं की बाबा पोवळं उचललंस तर वन्यजीव कायदा लागेल, तो थेट वाघ-बिबट्यावाला कायदा. मग आजीसारखं आपल्यालाही पोलीस घरी येतील का, हे त्याने फार आशेने विचारलं.

मित्रमंडळींचे सल्ले तर विचारूच नका. एकाने सांगितलं पंख्याचं विमान आहे, पुढे बसू नको. दुसरा म्हणाला मागे बसू नको. तिसऱ्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की तिथे मिळते का, आणि अगत्तीत दारूबंदी आहे हे कळल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. बायकोने रात्री लँडिंगचे व्हिडिओ लावले. अगत्तीचा रनवे जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास, बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि ते टोक इतकं अरुंद की डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, पुढेही पाणीच. ती म्हणाली, "हे थांबणार कुठे पण?" मी म्हटलं, अगं रोज थांबतंय. "रोज थांबतंय म्हणजे त्या दिवशी थांबेलच असं नाही ना." एवढं बोलून ती कुशीवर वळून घोरायला लागली आणि मी रात्री दोनपर्यंत टर्बोप्रॉप विमानांची ब्रेक सिस्टीम वाचत बसलो.

तारीख जवळ आली तशी मी होमस्टेवाल्याला रोज मेसेज टाकायला लागलो. त्याचं उत्तर ठरलेलं, अंगठा. कधी कधी दोन अंगठे. मग परवा रात्री जेवताना फोन वाजला, पीडीएफ! आईचं परमिट मंजूर, बायकोचं मंजूर, मुलाचं मंजूर. माझं, म्हणजे ज्याने सगळ्यांचे फॉर्म भरले, ज्याने आख्ख्या पोलीस स्टेशनकडून स्वतःला बघून घेतलं, त्याचं मात्र अंडर प्रोसेस.

मी म्हटलं आता काय करायचं. मुलगा म्हणाला बाबा कोचीहून बोट असते, चौदा ते अठरा तास लागतात, तुम्ही तशी या. बायको काहीच बोलली नाही, म्हणजे तिलाही कल्पना पटली असावी. आईने भाताचा घास संपवला, थोडा विचार केला.

"तू मागसून बोटीन ये," ती म्हणाली, "पण तिकीट रद्द करू नको हां. तुझे पंधरा किलो आमका होये."