एक चिवट स्थळ

आमच्या घरात नकार द्यायचं खातं सासूबाईंकडे आहे. नारायण पेठेतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, दाराला साखळी. ती न काढता, चार बोटांच्या फटीतून त्या उदबत्तीवाल्याला, गाळणीवाल्याला, ‘पाण्याची मोफत तपासणी करून देतो’ म्हणणाऱ्याला एका शब्दात वाटेला लावतात. ‘नको.’ त्यात राग नसतो, दिलगिरी नसते, पुन्हा येण्याची आशा तर मुळीच नसते. त्यांनी दार लावेपर्यंत समोरचा अर्धा जिना उतरलेला असतो. इतकी वर्षं हे कसब जवळून बघून मीही थोडंफार उचललंय. आणि तरी एक स्थळ असं निघालं, की ज्याला आम्हा दोघींना मिळून नाही म्हणता आलं नाही.

मी घरी डीटीपी करते. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळीच्या आधी दोन अंकांची पानं. कॉम्प्युटर २०१० साली तपकीर गल्लीतून जुळवून आणलेला. त्यात विंडोज ७ आणि पानं लावायचा पेजमेकर ७. हा पेजमेकर २००१ सालचा, त्यापुढची आवृत्ती निघालीच नाही. पण पत्रिकेवरचा गणपतीही वर्षानुवर्षं तोच असतो, त्याची कोणी नवी आवृत्ती मागत नाही. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीला स्वतःची जागा मिळण्याच्या, आधीच्या काळातले. म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत आपली अक्षरं भाड्याने राहायची. आणि या सगळ्याची किल्ली म्हणजे मागे प्रिंटरच्या जुन्या पोर्टात खोचलेलं काडेपेटीएवढं डोंगल. ते हललं की मराठी बंद. त्यामुळे आमच्याकडे कॉम्प्युटरच्या मागचा केर सासूबाई स्वतः काढतात, मोलकरणीला हात लावू देत नाहीत.

जून २०१५ मध्ये घड्याळाशेजारी एक पांढरी खिडकी येऊन बसली. विंडोज १० येतंय, तुमची जागा राखून ठेवा, फुकट आहे. जुलैच्या २९ तारखेला ते आलं, आणि पुढचं वर्षभर, म्हणजे २९ जुलै २०१६ पर्यंत ते फुकट मिळणार होतं. फुकट म्हटल्यावर पुणेकर सावध होतो. मी खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग तिच्यावर दोन बटणं दिसायला लागली: ‘आत्ता अपग्रेड करा’ आणि ‘आज रात्री अपग्रेड करा’. तिसरं बटण नाही. मी खिडकी वर-खाली, आजूबाजूला सगळी शोधली. ‘नको’ कुठेच नव्हतं. मुलीकडच्यांना ‘साखरपुडा सकाळी करू की संध्याकाळी, तेवढंच सांगा’ म्हणून कोंडीत पकडणारी माणसं असतात ना, त्यातला प्रकार.

‘कोण आलंय?’ सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या.

‘तेच.’

‘सांग घरात कोणी नाही म्हणून.’

मधल्या काळात आणखी एक लक्षात आलं. महिना अर्धा सरायच्या आत आमचं इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालायला लागायचं. त्या वेळी प्लॅनला एफयूपीची मर्यादा होती, तेवढा डेटा संपला की वेग खाली. सगळा दोष चिरंजीवांच्या क्रिकेटच्या व्हिडिओंवर टाकून, त्याच्याशी दोन दिवस अबोला धरून झाल्यावर कळलं, की नव्या विंडोजच्या काही जीबी फाईली एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आधीच उतरून बसल्या होत्या. होकार अजून झाला नव्हता, पण पाहुण्यांच्या वळकट्या माळ्यावर पोचल्या होत्या.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा रविवारी जेवायला आला, तेव्हा त्याने या सगळ्याचं मूळ दाखवलं: केबी ३०३५५८३ नावाचं एक अपडेट. ते काढायचं, मग यादीत लपवायचं. काढलं, लपवलं. काही दिवसांनी ते पुन्हा यादीत हजर, शिवाय ‘महत्त्वाचं’ अशी खूण लावून. पुन्हा काढलं. हा आकडा मला इतका पाठ झाला, की एकदा गॅसचं बुकिंग करताना ग्राहक क्रमांक म्हणून मी तोच सांगितला. भाचा म्हणाला, ‘आत्या, हे अडवायला लोकांनी छोटी युटिलिटी काढलीय, पुढच्या रविवारी टाकतो.’ पुढच्या रविवारी त्याला ट्रेकला जायचं होतं.

आणि मग मे २०१६.

टेबलावर लग्नाच्या तीन पत्रिका. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांना दुपारी चार वाजता प्रूफ दाखवायचं होतं, पाच वाजता ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी पारदर्शक कागदावर काढलेली प्रत, शनिवार पेठेतल्या छापखान्यात. सकाळी खिडकी आली. या वेळी तिच्यावर एक तारीख आणि वेळ लिहिलेली होती. मी वाचायला थांबले नाही, कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. फुलीचा अर्थ शाळेपासून एकच माहीत: चूक, नाही, बंद. तो अर्थ त्या महिन्यात बदलला होता. फुली मारली की खिडकी बंद व्हायची, पण ठरलेला मुहूर्त कायम राहायचा. म्हणजे मी कांदेपोह्यांची बशी न बघताच सरकवली आणि त्यांनी ती पसंती धरली. जगभरातून ओरड झाल्यावर जूनअखेरीस फुलीला तिचा जुना अर्थ परत मिळाला. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी तर अशाच नको असलेल्या अपग्रेडपायी कोर्टात जाऊन १०,००० डॉलर मिळवले. मला फक्त जेवण झाल्यावर झोप मिळाली.

दुपारी एक ते चार पुण्यात कोणी कोणाच्या दारात जात नाही. नेमके त्याच वेळात हे आत शिरले. साडेतीनला उठून बघते, तर पडद्यावर एक गोल आणि त्यात ६४ टक्के. खाली लिहिलेलं, तुमचा पीसी बऱ्याच वेळा बंद-चालू होईल, तुम्ही निवांत बसा. चार वाजता मुलीचे वडील आले. तेव्हा ७१ टक्के. मी त्यांना पन्हं दिलं. ७५ टक्क्यांना त्यांनी व्याह्यांच्या स्वभावाबद्दल सांगायला सुरुवात केली. ८२ टक्क्यांना ते हळवे झाले. अखेर कॉम्प्युटर उठला आणि निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘हाय. आम्ही तुमचा पीसी अपडेट केला आहे. तुमच्या सगळ्या फाईली तुम्ही ठेवल्या होत्या तिथेच आहेत.’

दुपारच्या वेळी कुलूप काढून घरात शिरलेला माणूस जाताना चिठ्ठी ठेवून गेला, की कपाटातले दागिने जागच्या जागी आहेत, तर जसं वाटेल तसं मला वाटलं.

फाईली खरोखर जागेवर होत्या. पत्रिका उघडली. नव्या घरात डोंगलला कोणी ओळखेना. फॉन्ट यादीतून गायब, आणि जिथे ‘आमचे येथे श्री कृपेकरून’ होतं, तिथे डोक्यावर टोप्या आणि पायाशी शेपट्या असलेली युरोपीय अक्षरं रांगेत उभी. वधूच्या वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘आमचे व्याही कोकणस्थच आहेत. इतक्या लांबचे नाहीत.’

परतीची वाट होती, हे मान्य करायला हवं. महिन्याच्या आत जुन्या विंडोजवर माघारी जाता येत होतं. पण ते बटण सेटिंग्जच्या आतल्या खोलीत, आणि ते दाबल्यावर विचारणा, की का जाताय? कारण निवडा. मग, एकदा अपडेट्स तपासून बघता का, त्याने प्रश्न सुटेल कदाचित. येताना एका टिचकीत आलेले जाताना कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशकासारखं बोलत होते. रात्री साडेनऊला विंडोज ७ परतलं, डोंगल जागं झालं, व्याही कोकणात आले. छापखान्याच्या मालकांनी तेवढ्यासाठी शटर अर्धं वर ठेवलं होतं.

त्या यंत्राचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं. विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. दुसऱ्या दिवशी संक्रांत. हातावर हलव्याचा चिकटा, आणि पडद्यावर भली मोठी सूचना: या पीसीला आता आधार नाही. खाली तीन पर्याय, आणि त्यातला एक, मी दोनदा वाचला, ‘मला पुन्हा आठवण करू नका’. पाच वर्षं जे बटण मी शोधत होते, ते मुदत संपल्यावर, तेराव्याच्या पानासारखं वाढलं गेलं. मी ते दाबलं, इंटरनेटची वायर उपटली आणि सासूबाईंना तिळाचा लाडू दिला. ते यंत्र आजही पत्रिका लावतं, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नाही.

बाहेरच्या जगासाठी मी २०१७ च्या गणपतीत दुसरा कॉम्प्युटर घेतला होता, विंडोज १० आतच असलेला. भांडण नको म्हणून. या वेळी सांगून आलं विंडोज ११. आणि मी विचार केला, वय झालं, किती दिवस नाही म्हणायचं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५, म्हणजे वसुबारसेच्या तीन दिवस आधी संपणार होती, त्या वेळी अंकांच्या धांदलीत नको. भाच्याला बोलावलं. म्हटलं, होकार कळव.

त्याने तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं: हा पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही.

‘म्हणजे?’

‘म्हणजे पत्रिका जुळत नाही, आत्या.’

दहा वर्षं ज्यांनी उंबरा झिजवला, ते आता पत्रिका बघत होते. पहिला दोष टीपीएम २.०. ही मदरबोर्डवरची किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय. ती आमच्यात होती, पण बंद होती. भाच्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या सेटिंग्जमध्ये, शिरून ती चालू केली. मंगळाची शांत झाली म्हणायची. दुसरा दोष प्रोसेसर. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा सातव्या पिढीचा. डेस्कटॉपसाठी आठवी पिढी आली ऑक्टोबर २०१७ मध्ये, आम्ही खरेदी केली गणपतीत. दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तरी हुकलंच असतं, म्हणून दिवाळी धरायला हवी होती. सासूबाईंना मात्र हे लगेच पटलं. लग्नात बापाकडच्या सात पिढ्या टाळतातच.

‘नियम चुकवून टाकता येतं,’ भाचा आवाज खाली आणून म्हणाला. ‘पण मग पुढची अपडेट्स मिळतीलच याची खात्री नाही.’ पळून जाऊन लग्न करायचं, आणि मग माहेरची दिवाळी आली तर आली. या वयात नको म्हटलं. शेवटी सुरक्षा अपडेट्सची एक वर्षाची मुदतवाढ घेतली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ३० डॉलर द्यायचे, नाहीतर आपली सेटिंग्ज त्यांच्या खात्यात ठेवायची. सेटिंग्ज दिली. ३० डॉलरांत किती पत्रिका लावाव्या लागतात, ते मला माहीत आहे.

या सगळ्याच्या आधी एकदा पूर्ण पडदाभर आभारपत्रही झळकलं होतं: विंडोज १० चे ग्राहक म्हणून तुमच्या निष्ठेबद्दल धन्यवाद, तुमचा पीसी पात्र नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन टेबलाची किल्ली काढून घेतात, तसं.

‘काय म्हणाले?’ रात्री सासूबाईंनी विचारलं.

‘नाही म्हणाले.’

‘पत्रिकेचं निमित्त गं. देण्याघेण्यावर अडलं असणार.’

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुंजीचं आमंत्रण ईमेलने पाठवायला बसले, तोच पडदा भरला. निळसर डोंगर, हसरी मुलगी, मांडीवर चकचकीत नवा लॅपटॉप. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

‘काल नाही म्हणून गेले ना? आता कशाला आलेत?’

‘विचारतायत,’ मी म्हटलं, ‘घरात धाकटी आहे का.’